गाडीतून न उतरता पेट्रोल: न्यू जर्सीच्या पंपांवरची सेवा

न्यू जर्सीत पेट्रोल भरायला गाडीतून उतरायचं नसतं. उतरून नळीला हात लावलात तर पंपावरचा माणूस धावत येतो, कारण इथे गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरणं कायद्याने बंद आहे. अमेरिकेत असं राज्य आता हे एकच उरलं आहे. बाकीच्या एकोणपन्नास राज्यांत आपणच कार्ड सरकवायचं, आपणच नळी उचलायची, थंडी असो की पाऊस.

मी एडिसनला वीसेक वर्षं राहते. एका औषधांच्या दुकानात बिलांचं काम करते आणि रोज रूट २७ ने ये-जा करते. टेक्सासहून, कॅलिफोर्नियाहून बदली होऊन आलेली मराठी कुटुंबं पहिल्याच आठवड्यात हमखास विचारतात, की इथे पंपावर नेमकं करायचं काय, टिप द्यायची का, कार्ड हातात द्यायला हरकत नाही ना. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शिवाय दर चार-पाच वर्षांनी हा कायदा उठवायची टूम राज्याच्या राजधानीत, ट्रेन्टनला, निघते, त्याबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. सेवा उत्तम आहे, ती टिकली पाहिजे, आणि तिथे आपण गिऱ्हाईक म्हणून कसं वागतो याकडे आपण लक्ष दिलं पाहिजे.

आधी रीत सांगते. पंपाशी गाडी लावली की इंजिन बंद करायचं. हे सौजन्य नव्हे, कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. चालू इंजिनच्या गाडीत पेट्रोल सोडायची पंपवाल्याला मनाई आहे. टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते ठाऊक नसेल तर डॅशबोर्डवर पेट्रोलच्या चित्राशेजारचा छोटा बाण बघा. काच पूर्ण खाली करा. दोन बोटं जातील एवढी फट ठेवून आतून ओरडू नका. मग तीन गोष्टी एका दमात सांगायच्या: कुठलं, किती, आणि पैसे कसे. ‘रेग्युलर, फुल, कॅश.’ किंवा ‘रेग्युलर, तीस डॉलर, कार्ड.’ एवढं ऐकलं की माणूस कामाला लागतो.

कार्ड असेल तर ते त्याच्या हातात द्यावं लागतं, तो पंपाच्या यंत्रात सरकवतो. यंत्र झिप कोड (आपल्या पत्त्याचा पिन कोड) मागतं, मग तो वळून तुम्हाला विचारतो आणि तुम्ही खिडकीतून मोठ्याने पाच आकडे सांगता. ही पद्धत मला आवडत नाही. कार्ड दुसऱ्याच्या हाती आणि झिप कोड चारचौघांत, हे बरोबर नाही. मी रोख देते. रोखीने भाव बहुतेक ठिकाणी कमीही पडतो.

आमचा नेहमीचा पंप ओक ट्री रोडपासून जवळच आहे. नाव देत नाही, कारण पुढे मी दुसऱ्या एका पंपाची तक्रारही करणार आहे आणि कुणाचंच नाव घ्यायचं नाही असं ठरवलं आहे. इथे सकाळच्या पाळीला एक सरदारजी असतात, साठीच्या पुढचे, मूळ जालंधरकडचे. मी त्यांना भाईसाब म्हणते, ते मला बहनजी. त्यांची काम करायची पद्धत बघण्यासारखी आहे. एका वेळी चार गाड्या लागलेल्या असतात. पहिलीला नळी लावून खटका अडकवतात, दुसरीचे पैसे घेतात, तिसरीला ‘वन मिनट, सर’ सांगतात, आणि पहिलीचा खटका टक्‌ वाजायच्या आत परत तिथे पोचतात. नोटांची गड्डी डाव्या हातात असते. बाहेर वीसच्या, आत दहाच्या, पाचच्या, अगदी मध्ये एक-एकच्या. पन्नासची नोट दिली तर सुटे मोजायला ते खाली बघत नाहीत, अंगठ्यानेच मोजतात. जानेवारीत हातमोजे घालतात ते उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची टोकं कापलेले, कारण जाड लोकरीच्या बोटांनी नोट सुटी होत नाही आणि कार्डही यंत्रात नीट बसत नाही. ती दोन बोटं हिवाळाभर लाल आणि भेगाळलेली असतात. मी एकदा दुकानातून व्हॅसलीनची मोठी डबी नेऊन दिली. त्यांनी ती आतल्या खोलीत सगळ्यांसाठी ठेवली.

आई सांगलीहून आली होती तेव्हा तिला पहिल्यांदा पंपावर घेऊन गेले. या कायद्याचं अमेरिकेत सगळ्यांना नवल वाटतं असं मी सांगत होते. ती म्हणाली, ‘यात नवल कसलं? पेट्रोल पंपावर माणूस असतोच की.’ तिचं लक्ष मीटरकडे होतं. आपल्याकडे नळी लावायच्या आधी पोऱ्या म्हणतो, ‘मॅडम, झिरो बघा.’ इथे तसं कुणी म्हणत नाही, नवा व्यवहार सुरू झाला की आकडा आपोआप शून्यावर येतो. पण आईची सवय चांगली आहे आणि मी ती उचलली. खिडकीतून आकडा दिसेल अशी गाडी लावा आणि बघा.

भावाचं मात्र नीट समजून घ्या. अमेरिकेत पेट्रोलचा भाव सेंटच्या नऊ दशांशाने संपतो. ३ डॉलर ९ सेंट दिसलं तरी पुढे बारीक नऊ असतो, म्हणजे जवळजवळ ३ डॉलर १० सेंट. सेंटचा दहावा भाग असलेलं नाणं या देशात नाही, तरी प्रत्येक फलकावर तो आहे आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. न्यू जर्सीत त्याशिवाय रोखीचा भाव वेगळा आणि कार्डाचा वेगळा. रस्त्यावरून ठळक दिसतो तो बहुधा रोखीचा. रूट १ वरच्या एका पंपावर मी डेबिट कार्ड दिलं आणि कार्डाचा भाव लागला. विचारलं तर म्हणाले, डेबिटही क्रेडिटसारखंच धरतो, पाटीवर लिहिलंय. पाटी होती, पण पंपाच्या मागच्या अंगाला, गाडीत बसून दिसणार नाही अशा ठिकाणी. गिऱ्हाईक गाडीतून उतरत नाही हे ठाऊक असताना पाटी मागे लावणं ही लबाडी आहे. मी तिथे परत गेले नाही. तुम्हीही भाव आधी विचारा, भरून झाल्यावर नको.

आता त्या कायद्याची गोष्ट. ती मला एका भांडणामुळे शोधावीशी वाटली.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या पंपावर पेनसिल्व्हेनियाची नंबरप्लेट असलेली गाडी आली. एक उंचापुरा गोरा माणूस उतरला आणि त्याने सरळ नळी उचलली. भाईसाब पलीकडच्या गाडीपाशी होते. ते धावत आले आणि हात पुढे करून म्हणाले, ‘सर, प्लीज, स्टेट लॉ.’ तो भडकला. हा स्वतंत्र देश आहे, माझ्या गाडीत मी पेट्रोल भरू शकत नाही, तू कोण मला सांगणारा, वगैरे. पुढे पुढे बोलणं कायद्यावरून भाईसाबांच्या पगडीवर आणि ते कुठून आले यावर घसरलं. भाईसाब एकच वाक्य त्याच सुरात म्हणत राहिले: ‘स्टेट लॉ, सर.’ मी काच खाली करून त्या माणसाला सांगितलं, की हा कायदा यांनी केलेला नाही आणि तुम्ही नळी सोडली नाहीत तर दंड पंपाला होईल, तुम्हाला नाही. तो गाडीत बसला. पेट्रोल भरून झालं, पैसे त्याने खिडकीतून जमिनीवर टाकले आणि निघून गेला. भाईसाबांनी नोटा उचलल्या, झटकल्या, गड्डीत लावल्या.

दंडाचं मी खरं तेच सांगितलं होतं. कायदा म्हणतो, जो कर्मचारी नाही त्याला पेट्रोल भरू देऊ नये. जबाबदारी भरू देणाऱ्यावर आहे. पहिल्या गुन्ह्याला ५० ते २५० डॉलर, पुढच्या प्रत्येकाला ५०० पर्यंत. आणि भरणारा कर्मचारीसुद्धा निदान एक पूर्ण दिवस देखरेखीखाली शिकलेला असला पाहिजे.

पण हा कायदा आला कुठून? साल १९४९. हॅकेनसॅकला रूट १७ वर एका माणसाने चोवीस पंपांचं मोठं स्टेशन उघडलं आणि गिऱ्हाइकांनी आपलं आपण भरायचं अशी सोय केली. बाजारात गॅलनचा (सुमारे पावणेचार लिटरचा) भाव २१.९ सेंट होता, त्याने १८.९ लावला. गाड्यांच्या रांगा लागल्या. आसपासच्या पंपवाल्यांनी आधी त्याला भाव वाढवायला सांगितलं. त्याने ऐकलं नाही, तेव्हा कुणीतरी त्याच्या स्टेशनवर गोळ्या झाडल्या. त्याने बंदुकीची गोळी शिरणार नाही अशी काच बसवली. ही हकिगत पुढे त्यानेच वर्तमानपत्राला सांगितली. गोळ्यांनी काम होईना, तेव्हा पंपवाल्यांच्या संघटनेने विधिमंडळ गाठलं आणि त्याच वर्षी ‘रिटेल गॅसोलिन डिस्पेन्सिंग सेफ्टी ॲक्ट’ मंजूर झाला. नावात सुरक्षा आहे, पण मूळ कारण तीन सेंटचं होतं.

आजच्या कायद्याच्या मजकुरात कारणांची लांब यादी आहे. आगीचा धोका, पेट्रोलच्या वाफा आणि गरोदर बायकांना त्यांचा त्रास, गल्ल्यावरच्या माणसाला सगळे पंप न दिसणं, विम्याचे चढे हप्ते, गाडीतून उतरलेल्या माणसाला लुटलं जाण्याची किंवा घसरून पडण्याची भीती. आगीचं कारण आता टिकत नाही. पन्नासातल्या एकोणपन्नास राज्यांत लोक रोज पेट्रोल भरतात आणि पंप जळत नाहीत. एक कारण मात्र मला आजही शंभर टक्के पटतं: जिथे स्वतः भरायची आणि भरून घ्यायची अशा दोन्ही सोयी असतात तिथे माणसाकडून भरून घ्यायचा भाव बराच जास्त असतो, आणि मग म्हातारे, अपंग आणि गरीब यांनाच तो भुर्दंड बसतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मला संधिवात आहे, दोन्ही हातांच्या बोटांत. माझी मुलगी डेलावेअरला नूअर्कमध्ये राहते. तिच्याकडून निघताना टाकी रिकामी असली आणि ती बरोबर नसली तर माझी पंचाईत होते. गारठलेला लोखंडी खटका दाबून धरायला लागते ती ताकद सकाळी माझ्या बोटांत नसते. काही पंपांवर खटका अडकवून ठेवायची पट्टी असते, काही ठिकाणी ती काढून टाकलेली असते. अपंगांच्या हक्कांचा केंद्राचा कायदा सांगतो, की अशा माणसाने हॉर्न वाजवून किंवा खूण करून मदत मागितली तर स्टेशनने जादा पैसे न घेता भरून दिलं पाहिजे. पण त्याच नियमात सूट आहे: कामावर एकच माणूस असेल तर त्याने बाहेर यायची सक्ती नाही. आता अमेरिकेतल्या कुठल्याही पंपावर रात्री बघा, काचेआड एकच माणूस असतो. म्हणजे हक्क कागदावर आहे आणि गरज असते नेमकी तेव्हा लागू होत नाही. मी एकदा डेलावेअरमध्ये तशी वाट बघितली आहे. आतला मुलगा चांगला होता, त्याने काचेतून हात जोडल्यासारखं करून सांगितलं की गल्ला सोडता येत नाही. शेवटी पलीकडच्या पंपावरच्या एका ट्रकवाल्याने भरून दिलं. अमेरिकेत अनोळखी माणूस असा सहज मदतीला येतो, हा इथला फार मोठा गुण आहे. पण पेट्रोल मिळणं कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून असू नये. न्यू जर्सीत ते नसतं. इथे चाकाच्या खुर्चीतला माणूस, मागच्या सीटवर तान्हं मूल झोपलेली आई आणि कडक सूट घातलेला वकील, तिघांनाही त्याच भावात, तीच सेवा मिळते. या एका गोष्टीसाठी माझे पाचपैकी पाच तारे.

राजकारणाचा पंपाशी संबंध इथे रोजचा आहे. पेट्रोलचा भाव हा अमेरिकेतला सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा आहे, वीस फूट उंच खांबावर, चौकाचौकात. त्यामुळे भाव वाढला की लोक राष्ट्राध्यक्षाला शिव्या घालतात आणि उतरला की त्याचा माणूस श्रेय घेतो, जणू व्हाइट हाउसमध्ये बसून कुणी तो खांबावरचा आकडा बदलत असतं. २०२२ च्या जूनमध्ये देशाचा सरासरी भाव गॅलनला ५ डॉलरच्या वर गेला. त्याच्या आधीपासूनच एक स्टिकर सगळीकडे दिसायला लागला होता: जो बायडेन बोट दाखवताहेत आणि खाली लिहिलंय ‘आय डिड दॅट’. तो पंपावर असा चिकटवायचा की बोट बरोबर किमतीच्या आकड्याकडे जाईल. आमच्या पंपावरही रोज एखादा असायचा. राजकीय मत मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे, मला त्यावर काही म्हणायचं नाही. पण तो स्टिकर बायडेनांना कधी काढावा लागला नाही, तो भाईसाबांना काढावा लागला. रंगारी वापरतात तसली पात्याची खरवडणी त्यांनी आणली होती. पंपाचा दर्शनी भाग प्लास्टिकचा, त्यावर पातं आडवं धरावं लागतं, नाहीतर चरे पडतात आणि मालक बोलतो. थिनर चालत नाही, प्लास्टिक पांढरं पडतं. मग गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून फडकं दाबून धरायचं, कडा सुटली की नखाने ओढायची, उरलेला डिंक पुन्हा फडक्याने. एक स्टिकर चिकटवायला दोन सेकंद, काढायला दहा मिनिटं. आणि त्याच वेळी हॉर्न वाजत असतात.

त्याच २०२२ च्या जूनमध्ये बायडेनांनी काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, विनंती केली की केंद्राचा पेट्रोलवरचा कर तीन महिने माफ करा. तो कर गॅलनला १८.४ सेंट आहे आणि १९९३ पासून तेवढाच आहे. काँग्रेसने मनावर घेतलं नाही. इकडे आमच्या राज्याचा कर २०१६ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत २३ सेंटनी वाढला होता, १४.५ चा ३७.५ झाला. आदल्या संध्याकाळी पंपांवर लांब रांगा होत्या. त्या वाढीसोबत एक सूत्रही आलं: रस्त्यांसाठी वर्षाला ठरावीक रक्कम उभी राहिलीच पाहिजे, म्हणून लोकांनी पेट्रोल कमी वापरलं तर कर वाढतो. म्हणजे काटकसर करणाऱ्याला जास्त दर. रस्त्यांना पैसा लागतो हे मान्य, पण हे सूत्र बनवणाऱ्यांपैकी कुणाला पंपावर उभं राहून गिऱ्हाइकाला ते समजावून सांगावं लागत नाही. लोक काच खाली करून भाईसाबांनाच विचारतात, ‘परत का वाढलं?’

टिपचंही तसंच आहे. इथे आता बेकरीत मफिन उचलून काउंटरवर ठेवलं तरी बिलाच्या यंत्राचा पडदा टिप विचारत तुमच्याकडे वळतो: अठरा टक्के, वीस, पंचवीस. मागे रांग बघत असते, माणूस लाजेने वीस दाबतो. बर्फात उभं राहून पेट्रोल भरणाऱ्याला मात्र टिप द्यायचा रिवाज नाही. २०२४ च्या निवडणुकीत आधी ट्रम्प आणि मग कमला हॅरिस, दोघांनी लास वेगासला जाऊन टिपवरचा आयकर काढायचं वचन दिलं. २०२५ च्या ४ जुलैला सही झालेल्या कायद्याने वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतच्या टिपवर सवलत मिळाली. ज्याला टिप मिळते त्याला सवलत, आणि तासाला किमान वेतनावर, म्हणजे २०२५ साली १५.४९ डॉलरवर, उभं राहून राबणाऱ्याला त्यातलं काहीच नाही. यात पक्षाचा प्रश्न नाही, दोन्ही पक्षांनी हेच सांगितलं होतं. नव्याने आलेल्यांना माझा सल्ला: सक्ती नाही, कुणी मागणार नाही, पण कडाक्याची थंडी, मुसळधार पाऊस, थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमस या दिवसांत दोन-पाच डॉलर द्यावेत. त्याने काच पुसून दिली तर नक्की द्यावेत. पूर्वी काच सगळे पुसायचे, आता क्वचित कुणी पुसतं, एकट्याला चार गाड्या सांभाळाव्या लागतात तिथे ते शक्यही नाही.

आपल्या लोकांबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. ओक ट्री रोडच्या आसपास निम्मी गिऱ्हाइकं देशी असतात आणि कामावरची माणसंही देशी. त्यामुळे वागणं जवळिकीचं असायला हवं होतं. मला बरेचदा उलटं दिसतं. गोऱ्या गिऱ्हाइकाचं ‘हाय, हाउ आर यू’ सवयीचं का असेना, पण ते म्हणतात. आपला माणूस फोनवर बोलत असतो, खिडकीतून कार्ड बाहेर धरतो आणि बोटांनी खूण करतो. वीस डॉलरचं म्हणाला की फुल, ते फोनमध्ये ऐकू येत नाही, मग चूक त्या माणसाची. ‘ए भैया, जल्दी’ ही हाक मी इथे ऐकली आहे, एमबीए झालेल्या तरुणाच्या तोंडून, वडिलांच्या वयाच्या माणसाला. ही सवय आपण विमानातून इथवर आणली आहे आणि ती आपण सोडली पाहिजे. फोन खाली ठेवा, तोंडाकडे बघून बोला, पैसे हातात द्या. रांगेत असाल तर हॉर्न वाजवू नका, दोन्ही हात गुंतलेल्या माणसाला हॉर्न वाजवून तिसरा हात फुटत नाही. भरून झालं की पावती पाकिटात घालायचं काम पंपाशी अडून करू नका, गाडी पुढे काढा आणि मग करा.

कायदा उठवायच्या प्रयत्नांचं सांगते. २००६ मध्ये गव्हर्नर जॉन कॉर्झाइन यांनी टर्नपाइक या टोलच्या महामार्गावर प्रयोग म्हणून सेल्फ-सर्व्हिस सुरू करायचं काढलं, लोक एवढे चिडले की काही दिवसांत त्यांना ते मागे घ्यावं लागलं. २०२२ मध्ये परत विधेयक आलं, दोन्ही सोयी ठेवू द्या असं म्हणणारं. तेव्हा रटगर्स विद्यापीठाच्या पाहणीत ७३ टक्के लोकांनी सांगितलं की आम्हाला दुसऱ्याने भरून दिलेलं आवडतं, स्वतः भरायला फक्त २२ टक्के तयार होते. विधेयक तिथेच राहिलं. जर्सीच्या मुली पेट्रोल भरत नाहीत, असं अभिमानाने सांगणारे स्टिकर गाड्यांच्या मागे दिसतात, तेवढी ही गोष्ट इथल्या लोकांच्या अंगात भिनलेली आहे. ओरेगॉनमध्ये १९५१ पासून अशीच बंदी होती, २०२३ च्या ऑगस्टमध्ये ती उठली, आणि मग आम्ही एकटे राहिलो.

उठवा म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं खरं आहे: माणसं मिळत नाहीत. कोविडनंतर अनेक पंपांनी निम्मे पंप शंकू लावून बंद ठेवले, कारण भरायला कुणी नव्हतं. माणूस नसेल तर पंप असून उपयोग नाही, ही या कायद्याची खरी अडचण आहे आणि मी त्यासाठी अर्धा तारा कापते. पण ‘दोन्ही सोयी ठेवू’ यावर माझा विश्वास नाही. दोन्ही होत्या अशा बहुतेक ठिकाणी हळूहळू माणूस गेला आणि यंत्र राहिलं. भावाचंही बघा: माणूस ठेवूनही न्यू जर्सीतलं पेट्रोल शेजारच्या न्यू यॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत महाग पडत नाही, बहुतेक वेळा स्वस्तच पडतं. पुलापलीकडचे लोक इकडे येऊन टाकी भरून जातात, ते उगाच नाही.

विजेच्या गाड्यांना यातलं काहीच लागू नाही. चार्जरची जाड केबल आपली आपण ओढायची, आणि ती पेट्रोलच्या नळीपेक्षा जड असते. डिझेललाही ही बंदी लागू नाही. विजेच्या गाडीवाल्यांकडून राज्य २०२४ च्या जुलैपासून वर्षाला २५० डॉलर वेगळे घेतं, दर वर्षी त्यात दहाची भर. रस्त्यांसाठी पैसे घ्यावेत, पण मग मोठ्या चार्जिंग स्टेशनांवर मदतीला एक माणूस ठेवायची सक्तीही करावी. माझ्यासारखी संधिवाताची बाई उद्या विजेची गाडी घेईल तेव्हा तिने केबल कुणाकडून लावून घ्यायची? आमच्या भागाच्या आमदारांना मी हे पत्राने कळवलं आहे.

शेवटी रात्रीचं, कारण नवीन लोक इथेच फसतात. इतर राज्यांत दुकान बंद असलं तरी कार्ड घालून पंप चालू होतो. न्यू जर्सीत माणूस घरी गेला की पंप बंद. आमच्या बाजूचे बरेचसे पंप रात्री दहा-अकराला दिवे मालवतात आणि रविवारी लवकर. न्यू जर्सीतल्या नूअर्क विमानतळावरून कुणाला आणायला जायचं असेल तर संध्याकाळीच भरून ठेवा. राहिलंच, तर टर्नपाइकवर चढा. तिथल्या सर्व्हिस एरिया चोवीस तास चालू असतात आणि पहाटे तीनलाही कुणीतरी जॅकेट चढवून तुमच्या खिडकीशी येतो. टोल पडेल. गाडीत वीसची एक आणि एक-एकच्या चार-पाच नोटा कायम ठेवा. तारे साडेचार.